मिरामारच्या किनाऱ्याचे वेळापत्रक भरतीला विचारून ठरवावे

प्रति,
माननीय महापौर आणि माननीय आयुक्त,
पणजी महानगरपालिका, पणजी, गोवा.

विषय : मिरामार-करंजाळे किनाऱ्यावरील पाणपक्ष्यांसाठी भरतीच्या वेळी एक पट्टा मोकळा ठेवण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

ऑक्टोबर ते एप्रिल या महिन्यांत मिरामार किनाऱ्याचा एक लहानसा पट्टा, दिवसाउजेडी येणाऱ्या भरतीच्या आगेमागे सुमारे तीन तास, माणसांच्या आणि कुत्र्यांच्या वर्दळीपासून मोकळा ठेवावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, नवे बांधकाम तर मुळीच लागत नाही. मात्र ही वेळ घड्याळावरून न ठरवता भरतीवरून ठरवावी लागेल, म्हणजेच ती रोज बदलेल, आणि सरकारी कामकाजाला नेमकी हीच गोष्ट अवघड वाटते याची मला कल्पना आहे. म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

मांडवी जिथे समुद्राला मिळते तिथे, समोर आग्वादचा किल्ला आणि पाठीमागे शहराची गजबज असलेल्या या वाळूवर, पावसाळा सरला की पाहुणे पक्षी उतरू लागतात. चिखल्या पक्षी सर्वांत आधी येतात. त्यांतले काही तर ऑगस्टच्या अखेरीस पावसाच्या सरींमध्येच दिसू लागतात. त्यांच्यापैकी ज्याला पक्षिनिरीक्षक लेसर सँड प्लोव्हर म्हणतात, तो लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच पठारांवर अंडी घालतो आणि हिवाळा आपल्या किनाऱ्यावर काढतो. त्याचे वजन कोंबडीच्या अंड्याहून फारसे जास्त नसते. लाटेच्या कडेने पुढेमागे पळणारा पांढुरका सँडरलिंग उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशातून येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कुरव (सीगल) येतात. तपकिरी डोक्याचे कुरव हिमालयापलीकडच्या सरोवरांवरून आलेले असतात आणि काळ्या डोक्याचे त्याहून कितीतरी उत्तरेकडून. हिवाळ्यात दोघांच्याही डोक्यावरचा रंग उडालेला असतो आणि कानामागे फक्त एक गडद ठिपका उरतो, त्यामुळे नवख्या माणसाला ते सारखेच दिसतात. मार्चमध्ये डोकी पुन्हा रंगू लागली, की ते परतीच्या तयारीला लागले असे समजावे. त्यांच्याच घोळक्यात, पण जरा अंग राखून, पिवळ्या-नारिंगी चोचीचे सुरय (टर्न) बसतात. हा सारा प्रवास ज्या हवाई मार्गाने होतो त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तो तीस देशांवरून जातो, आणि त्यावरील पक्ष्यांसाठी भारत सरकारने 2018 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर केला होता.

आता मूळ मुद्दा. या पक्ष्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसाकाठी दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाणी दोन मीटरहून अधिक चढते-उतरते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, त्याच्या जेमतेम निम्मे. ओहोटी लागली, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे (रापण) ओढणाऱ्या रापणकारांच्या भाषेत सुकती झाली, की ओल्या वाळूचा आणि चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यात कृमी, बारीक खेकडे, कोवळे शिंपले असे सगळे काही दडलेले असते. चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो : चार पावले पळतो, थबकतो, वाळूच्या पृष्ठभागावर कुठे काही हलते का ते पाहतो आणि झटक्यात टिपतो. तुतवार आणि त्याचे भाईबंद चोच वाळूत खुपसून चाचपत जातात. पाणी परत चढू लागले की हे ताट पाण्याखाली जाते, आणि मग पुढची ओहोटी लागेपर्यंत पक्ष्यांना एकच काम उरते, ते म्हणजे कोरड्या वाळूवर एकत्र बसून विसावा घेणे, पिसे साफ करणे आणि खाल्लेले अंगी लावणे. ज्याला पुढे हिमालय ओलांडायचा आहे, त्याच्या दृष्टीने हे बसणे खाण्याइतकेच गरजेचे आहे, कारण उडण्याला बसण्याच्या कितीतरी पट शक्ती लागते. मार्च-एप्रिलमध्ये तर अंगावर चरबी साठवल्याशिवाय त्यांना निघताच येत नाही.

अडचण अशी की, भरतीच्या वेळी किनारा अरुंद होतो आणि उरलेल्या त्याच कोरड्या वाळूवर आपण सगळे असतो.

ही गाठ कोणत्या दिवशी पडणार हे आधी सांगता येते. अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या सुमारास इथली दिवसाची भरती साधारणपणे दुपारच्या आधी पूर्ण होते आणि दर दिवशी ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. याचा उलटा हिशेब मांडला तर एकादशी ते त्रयोदशी या तिथींना, दोन्ही पक्षांत, सकाळी सात ते नऊच्या आसपास पाणी चढलेले असते, आणि पणजीकरांच्या सकाळच्या फेरफटक्याची वेळही नेमकी तीच आहे. अष्टमीच्या आगेमागे भरती पहाटे येते खरी, पण ती भांगाची असल्यामुळे बरीच वाळू उघडी राहते आणि माणसे व पक्षी दोघांचे निभावते. उधाणाच्या दिवशी सकाळी किनारा रुंद असतो आणि पक्षी दूर पाण्याच्या कडेला खाण्यात गुंतलेले असतात. म्हणजे सकाळच्या वेळेपुरता त्रास रोजचा नाही, महिन्यातल्या मोजक्या दिवसांचा आहे; आणि त्याचे वेळापत्रक कोणालाही काढता येते, कारण भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके आगाऊ प्रसिद्ध करतो आणि त्यांत मुरगाव बंदराचा समावेश असतो. मुरगाव आणि मिरामार यांच्या वेळांत आपल्या कामापुरता फरक नगण्य आहे.

विसावलेला थवा कसा दिसतो हे ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी लिहितो. चिखल्यांचा थवा बसलेला असला तरी लांबून दिसतच नाही, कारण त्यांच्या पाठीचा रंग सुक्या वाळूचाच असतो. नीट पाहिले तर आदल्या संध्याकाळच्या माणसांच्या पावलांनी वाळूत जे खळगे झालेले असतात, त्या प्रत्येक खळग्यात एकेक पक्षी बसलेला आढळतो, वाऱ्याकडे तोंड करून, छाती वाळूला टेकवून. काही जण एका पायावर उभे असतात, दुसरा पाय पोटाच्या पिसांत. कोणी जवळून गेले तर पहिल्यांदा माना वर होतात. आणखी जवळ गेले तर ते सरकतात, आणि पुष्कळदा दुसरा पाय बाहेर न काढता त्या एकाच पायावर टुणटुण उड्या मारत सरकतात. पाहणाऱ्याला हसू येते, पण ते बिचारे ऊब आणि शक्ती वाचवत असतात. एवढ्यावर माणूस थांबला किंवा जरा वळसा घालून गेला तर थवा पुन्हा बसतो. नाही थांबला तर सगळा थवा एकदम उठतो, पाण्यावर वळणे घेतो, पंखांखालची पांढरी बाजू लखलखते, आणि लोक मोबाइल काढून चित्रफीत घेतात. दृश्य सुंदर असते यात शंका नाही. पण एका सकाळी असे पुनःपुन्हा उठावे लागले तर आदल्या ओहोटीला मिळवलेले खाणे त्यातच खर्ची पडते.

कुत्र्यांचा प्रश्न मी मुद्दाम सौम्यपणे मांडत आहे, कारण तो मांडला की चर्चा भलतीकडे जाते. माणसाला पाहून माना वर करणारे हे पक्षी कुत्रा दिसताच, तो बराच लांब असतानाही, उडतात, कारण त्यांच्या प्रजननभूमीत कोल्हा हा त्यांचा पिढीजात शत्रू आहे आणि कुत्रा त्यांना कोल्ह्याहून वेगळा वाटत नाही. पाळीव कुत्र्यांना तेवढ्या पट्ट्याजवळून दोरीने बांधून न्यावे, इतकेच पुरे आहे. भटक्या कुत्र्यांना वाळूवर नेऊन खाऊ घालणाऱ्यांची भूतदया मी समजू शकतो, परंतु 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत खाऊ घालण्याच्या जागा ठरवून देण्याची तरतूद आहेच, आणि ती जागा वाळूच्या टेकड्यांच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला ठरवता येईल.

आणि दोष केवळ फिरणाऱ्यांना देऊन भागणार नाही. आम्ही पक्षिनिरीक्षक, त्यातही हातात लांब भिंगाचे कॅमेरे असलेले, उडत्या थव्याचे छायाचित्र मिळावे म्हणून चालत चालत थव्यात शिरतो, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. जो पट्टा मोकळा ठेवायचा तो आमच्यासाठीही बंद असावा, आमच्यासाठी तर आधी. दुर्बीण असलेल्या माणसाला दोरीच्या बाहेरून पाहायला काहीच अडत नाही.

याउलट, ज्यांच्या कामामुळे पक्षी उठत नाहीत ते म्हणजे किनाऱ्यावर पोट असलेले लोक. करंजाळ्याला रापण ओढली जाते तेव्हा पाहावे. दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा, दोराला लय धरून ओढ, आणि जाळे जसजसे उथळात येते तसतसे वर घारी, ब्राह्मणी घारी आणि कुरवांचे कोंडाळे, खाली वाळूवर बगळे. तारल्या आणि वेर्ल्या निवडून झाल्या की जे बारीकसारीक उरते त्यावर सगळे तुटून पडतात, आणि माणसे त्यांच्यातून टोपल्या घेऊन ये-जा करीत असली तरी हातभर बाजूला होण्यापलीकडे कोणी हलत नाही. तिकडे शिरदोन आणि चिखलीच्या बाजूला, झुआरीच्या काठी, सुकतीला तिसऱ्या आणि खुबे वेचणाऱ्या बायका चिखलात वाकलेल्या असतात आणि थोड्याच अंतरावर लांब वाकड्या चोचीचा कोरल आपले चाचपणे चालू ठेवतो. हे लोक सावकाश हलतात, पक्ष्यांच्या अंगावर जात नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्यांचे कामही भरती-ओहोटीच्याच वेळापत्रकाने चालते. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, पट्टा आखताना रापणकारांना आधी विचारावे, त्यांची जाळी ओढण्याची जागा त्यातून वगळावी आणि कोणत्याही कारणाने त्यांना अडवले जाऊ नये.

यावर एक आक्षेप हमखास येईल, आणि तो असा की पक्ष्यांसाठी चोडणला अभयारण्य आहे, करमळीचे तळे आहे, मग भर शहरातला किनारा कशाला? चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य 1988 मध्ये घोषित झाले आणि ते अवघे 1.78 चौरस किलोमीटर आहे. ते खारफुटीचे जंगल आहे. तिथे खंड्यांच्या जाती, बगळे, पाणकावळे सुखाने राहतात. करमळीचे तळे गोड्या पाण्याचे, तिथे अडई, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या. कुरचडेजवळच्या नंदा तळ्याला 2022 मध्ये गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली, तेही गोड्या पाण्याचेच. चिखल्या, सँडरलिंग आणि सुरय यांना यांतले काहीच चालत नाही. त्यांना चारी बाजूंना दूरवर नजर जाईल अशी उघडी वाळू लागते, झाडी जवळ आली की ते अस्वस्थ होतात, कारण झाडीतून ससाणा कधी येईल ते कळत नाही. (याच कारणासाठी उघड्या चिखलभूमीवर हौसेने खारफुटी लावण्याचे कार्यक्रम करण्यापूर्वी तिथे आधीपासून कोण राहते ते पाहिले पाहिजे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.) नदीच्या मुखाशी अशी वाळू मोजक्याच ठिकाणी असते आणि शहराच्या नशिबाने त्यांतले एक ठिकाण आपल्या दारात आहे.

कायद्याचे म्हणाल तर तिथे एक फट आहे. 2017 चे पाणथळ जागांचे नियम किनारपट्टी नियमन क्षेत्राला लागू होत नाहीत. किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना, 2011 ची आणि 2019 चीही, वाळूच्या टेकड्या व जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलभूमी यांना सर्वोच्च संरक्षण देते आणि भरतीरेषा व ओहोटीरेषा यांच्यामधल्या पट्ट्यावर बांधकामाला आळा घालते. परंतु तिचा सारा भर बांधकाम, भराव आणि तत्सम गोष्टींवर आहे. सकाळी आठ वाजता थव्यातून धावत जाणारा मुलगा किंवा कुत्रा ही तिच्या कक्षेतली बाब नाही, आणि ती तशी असावी असेही मला वाटत नाही. ही व्यवस्था स्थानिक संस्थाच पाहू शकते : एक फलक, एक दोरी, एक सूचना आणि समजावून सांगणारे कोणीतरी.

पट्टा कोठे असावा याबद्दल माझे मत असे आहे की, मिरामारच्या उत्तरेकडे, मांडवीच्या मुखाच्या बाजूला जिथे वाळू रुंद होते, तिथे भरतीरेषेपासून मर्यादवेलीच्या टेकड्यांपर्यंत दोन-तीनशे मीटर लांबीचा भाग पुरेसा होईल. बांबूचे खांब आणि काथ्याची दोरी, पावसाळ्यापूर्वी काढून ठेवता येईल अशी. पावसाळ्यात किनारा झिजतो आणि नंतर पुन्हा भरून येतो, त्यामुळे कायमस्वरूपी कुंपण टिकणारही नाही आणि शोभणारही नाही. जागेची अंतिम निवड एक हंगाम नोंदी करूनच व्हावी. दरवर्षी जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून चालू आहे, तिच्या धर्तीवर महिन्यातून दोनदा भरतीच्या वेळी मोजणी केली तर थवा नेमका कुठे बसतो हे स्पष्ट होईल. आणि 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल्यालाच आहे, तेव्हा भरतीविषयी सल्ला घ्यायला शहराबाहेर जाण्याचीही गरज नाही. मोजणीचे काम विनामोबदला करायला पणजीत पुरेसे लोक तयार आहेत.

फलकावर पक्ष्यांची रंगीत चित्रे असावीतच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या आठवड्यातल्या भरतीच्या वेळा खडूने लिहिता येतील अशी एक काळी पाटी असावी. लोकांना कारण कळले तर ते वळसा घालतात, असा अनुभव आहे. नुसती 'प्रवेश निषिद्ध' ही पाटी आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मिरामारची गर्दी दोरी बांधून रोखता येईल असा माझा समज नाही आणि तशी मागणीही नाही. त्या वेळी पक्षी पलीकडच्या बाजूला कुठेतरी जातात, जाऊ द्यावे. इतर दिवशीच्या सकाळ-दुपारच्या भरत्या त्यांना निवांत मिळाल्या तरी पुष्कळ झाले.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. किनाऱ्याच्या सफाईचे काम ज्या यंत्रणेकडे असेल तिला कळवावे की, या पट्ट्यात वाळू यंत्राने चाळू नये. प्लास्टिक आणि जाळ्यांचे तुकडे हाताने वेचावेत आणि भरतीने आणून टाकलेला पाला व शेवाळ तसेच राहू द्यावे, कारण त्याखालचे किडे आणि बारीक खेकडे हे पक्ष्यांचे खाद्य आहे. दुसरे असे की, ओहोटी रात्रीही होते आणि चिखल्या रात्रीही खातात, त्यासाठीच त्यांना एवढे मोठे डोळे असतात. तेव्हा समुद्राकडे तोंड केलेले प्रखर दिवे, कार्यक्रमांचे असोत वा सुशोभीकरणाचे, या बाजूला तरी लावू नयेत. मुंबईत गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींवरून कुरवांना वेफर्स आणि शेव फेकण्याची जी रीत पडली आहे, ती मांडवीत रुजण्यापूर्वीच एखाद्या सूचनेने थोपवता आली तर उत्तम.

हे सारे केवळ पक्ष्यांच्या दयेपोटी लिहिले आहे असे समजू नये. शहराच्या मधोमध, बसने पाच मिनिटांत पोचता येईल अशा ठिकाणी, शाळेच्या मुलाला तिबेटहून आलेला पक्षी साध्या डोळ्यांनी दाखवता येतो ही चैन फार थोड्या शहरांना परवडते. गेल्या हंगामात मिरामारला ओहोटीच्या वेळी एक राखी रंगाचा समुद्रबगळा वाळूत साचलेल्या डबक्यात उभा होता. त्याचे पाय काळे, पण पंजे पिवळे असतात. तो एक पिवळा पंजा पुढे टाकून चिखल ढवळत होता, मग मान तिरकी करून पाहत होता, मासळी हलली की चोच मारत होता. गणवेशातली दोन मुले दप्तरे पाठीवर ठेवूनच उकिडवी बसून हे पाहत होती. जवळच तसाच दुसरा, पण पांढराशुभ्र बगळा होता, आणि हे दोन्ही एकाच जातीचे, राखीही तोच आणि पांढराही तोच, हे सांगितल्यावर त्यांच्यातल्या मोठीने ते मान्य करायला साफ नकार दिला. शेवटी पंजांचा रंग ताडून पाहू या असे ठरले आणि शाळेला उशीर झाला.

यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, शक्य झाल्यास सप्टेंबरअखेर, आपल्या अभियंता आणि उद्यान विभागांचे अधिकारी, रापणकारांचे प्रतिनिधी, वन खात्याचे प्रतिनिधी आणि आम्ही काही पक्षिनिरीक्षक यांची एक भेट किनाऱ्यावरच ठरवावी, आणि ती कचेरीच्या सोयीच्या वेळी न ठेवता एकदा भरतीच्या आणि एकदा ओहोटीच्या वेळी ठेवावी, म्हणजे खांब कुठे रोवायचे ते तिथेच ठरवता येईल. त्या महिन्याचे भरतीचे कोष्टक मी सोबत घेऊन येईन.

आपला,
पणजीचा एक रहिवासी आणि पक्षिनिरीक्षक